नौपाड्यातील तीन हत्यारांचे कागद : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४

ठाण्याच्या नौपाड्यातील एका कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तीन हत्यारे आहेत आणि त्यांच्यासोबत कागदांचे एक जुने बासन आहे. कुटुंबप्रमुख निवृत्त अभियंता आहेत. मी त्यांना काका म्हणते. त्यांची अपेक्षा अशी आहे की प्रत्येक हत्याराची खरी ओळख पटवून देणारे पत्र मी तयार करावे, म्हणजे पुढच्या पिढीला ‘हे काय आहे आणि कुणाचे आहे’ हे शोधत बसावे लागणार नाही. हे काम स्वीकारताना मी त्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की नवे पत्र लिहिण्याआधी जुन्या पत्रांची पारख करावी लागेल, आणि त्या पारखीतून जे निघेल ते त्यांना आवडेलच असे नाही. काका म्हणाले, “ताई, तुम्ही खरे तेच लिहा. गोड लिहून देणारे आधी भेटून गेले आहेत.”

हत्यारे अशी आहेत : मुरबाडकडील मूळ गावाहून आलेली एक लांब नळीची ठासणीची बंदूक, बर्मिंगहॅमला घडवलेली एक दुनळी, आणि काकांच्या वडिलांनी विकत घेतलेले एक टोपीचे (आघाताने पेटणारी तांब्याची टोपी लावून उडवायचे) पिस्तूल. बासनात मोडीतील एक यादी, दुनळीचे ब्रिटिश काळातील परवाने आणि पिस्तुलाबरोबर दुकानदाराने दिलेला एक छापील दाखला आहे. दुनळीच्या मूळ निर्मात्याच्या नोंदवह्या आज ज्या कंपनीकडे आहेत तिला काकांनी गेल्या वर्षी पत्र पाठवले होते. त्याचे उत्तरही फाइलमध्ये आहे.

१२ जून २०२४

कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी कायद्याची बाजू पाहिली. काकांच्या वकीलबाईंनी शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ४५ समोर ठेवले. कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त झालेले हत्यार या कायद्यातून वगळले आहे हे खरे, परंतु त्याच वाक्यात पुढे अट आहे, की ते दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. “शंभर वर्षांपूर्वीची आहे, म्हणजे परवाना लागत नाही” ही समजूत ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आहे, आणि ती धोकादायक आहे. वयाचा पुरावा देणारे पत्र हातात असले तरी हत्यार चालू शकते का, हा प्रश्न वेगळा उरतोच. दुनळी काकांच्या नावावर परवान्यात आहे आणि ठासणीच्या बंदुकीची नोंदही जुन्या शेतसंरक्षण परवान्यापासून सलग आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, त्यामुळे पिस्तुलाचे नेमके काय करायचे हा प्रश्न शोभेपुरता नाही. त्याच्या दाखल्यावर सारा भार आहे.

परदेशात विक्रीचा विषय काकांच्या अमेरिकेतील पुतण्याने काढला होता. पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. मला त्याचे वाईट वाटले नाही. किंमत मिळवण्यासाठी लिहिलेले पत्र आणि ओळख टिकवण्यासाठी लिहिलेले पत्र यांचे धोरण वेगळे असते, आणि आता आपले धोरण ठरले.

सर्व तपासणी काकांच्या घरीच, त्यांच्या उपस्थितीत होईल. परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराला बोलावून नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करून घेतली. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असण्याची शक्यता नेहमी असते, म्हणून त्यांनी गज नळीत घालून तोंडाशी खूण केली आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. खूण बरोबर कानापाशी, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाजवळील बार पेटवण्याच्या छिद्रापाशी आली, म्हणजे आत काही नाही.

२३ जून २०२४

आज मोडी यादी वाचली. कागद जुन्नरी वाटतो, जाडसर आणि घोटलेला. शाई काजळीची, बोरूने लिहिलेली. वर ‘श्री’, खाली सुहूर सन इहिदे अशर मयातैन व अलफ, म्हणजे १२११, आणि सफर महिन्याची तारीख. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो आणि वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. सफर महिना त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झाला होता, म्हणून हा कागद १८११ च्या फेब्रुवारीअखेरचा किंवा मार्चमधला ठरतो. त्या वेळी ठाणे शहर इंग्रजांकडे येऊन साडेतीन दशके उलटली होती, पण मुरबाडकडचा मुलूख अजून पेशव्यांच्या अमलात होता, त्यामुळे सुहूर सन आणि हिजरी महिना दोन्ही जागच्या जागी आहेत.

घरात आजवर असे सांगितले जाई की हा कागद म्हणजे बंदूक बक्षीस मिळाल्याची सनद आहे. प्रत्यक्षात ती दोन भावांच्या वाटणीची यादी आहे. भांडी, दोन बैल, एक म्हैस, खळ्याजवळची जागा, आणि त्या ओघात ‘बंदूक तोडेदार १, नळी हात अडीच, बंद सात पैकी रुप्याचे दोन, कुंद्यास चीर तांब्याची तार’ अशी एक ओळ. तोडेदार म्हणजे पेटत्या वातीने (तोड्याने) उडवायची, कुंदा म्हणजे बंदुकीचे लाकडी अंग आणि बंद म्हणजे नळी कुंद्याला बांधणारे पट्टे. काकांचा चेहरा क्षणभर उतरला. सनद गेली आणि म्हशीशेजारी बंदूक आली, असे त्यांना वाटले असावे.

मला मात्र या ओळीइतके मोलाचे काही या बासनात मिळेल असे वाटत नाही, आणि त्याचे कारण सविस्तर नोंदवून ठेवते. सनद लिहिणाऱ्याला देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मोठेपणा सांगायचा असतो. वाटणीची यादी लिहिणाऱ्याला फक्त उद्या भांडण होऊ नये एवढेच हवे असते. दोन्ही भाऊ समोर बसलेले, दोघांनाही वस्तू माहीत, त्यामुळे फुगवून लिहायला वाव नाही आणि कमी लिहायलाही नाही. चीर पडलेली आहे हे लिहिले, कारण ते लिहिले नसते तर घेणारा भाऊ दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन आला असता. ओळख पटवण्यासाठी लिहिलेला नसलेला कागद कित्येकदा ओळखीचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार ठरतो. इथे तर त्याने वस्तूचा दोषही नोंदवून ठेवला आहे, आणि दोषाइतकी पक्की खूण दुसरी नसते.

२९ जून २०२४

पण यादीतली बंदूक ‘तोडेदार’ आणि समोरची टोपीची. कागद आणि वस्तू एकाच घरात सापडले म्हणून ते एकमेकांचे ठरत नाहीत. अशा घरात दोन-तीन बंदुका असणे नवलाचे नव्हते, आणि यादीतली बंदूक केव्हाच मोडीत निघून तिच्या जागी दुसरी आली असणेही सहज शक्य आहे. म्हणून आज दिवसभर कुंदा आणि नळीची मागची बाजू पाहिली.

आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीत पेटता तोडा धरणारी चिमटी कुंद्यातल्या उभ्या खाचेतून वर येते आणि चाप ओढला की रंजकदानीवर, म्हणजे पेटवणीच्या दारूच्या लहान वाटीवर, झुकते. या बंदुकीत नळीच्या मागे, कुंद्याच्या माथ्यावर, लाकडाची एक अरुंद पट्टी बसवलेली दिसते. तिचा रेषा-धागा आजूबाजूच्या लाकडाशी जुळत नाही. सभोवती शिसवीसारखे गडद लाकूड आणि पट्टी फिकट. ती चिमटीची खाच आहे, पाचर ठोकून बुजवलेली. नळीच्या उजव्या अंगाला, जिथे रंजकदानी असायला हवी, तिथे पितळेने डाक दिल्याची पिवळी रेघ आहे आणि त्यावर टोपी बसवायची चुची उभी केली आहे. घोडा आणि त्याची पट्टी बाजूने लाकूड कोरून नंतर बसवलेली. कोरलेल्या कडा नव्या आणि बोथट न झालेल्या. टोपीचा चाप, म्हणजे टोपीवर घोडा आपटून बार पेटवणारी यंत्रणा, सर्वत्र रूढ झाल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर अनेक तोडेदार बंदुका अशा बदलून घेतल्या गेल्या. म्हणजे १८११ मध्ये ही तोडेदार असणे आणि आज टोपीची दिसणे यांत विरोध नाही.

यानंतर बंद मोजले. आज पितळेचे पाच आहेत. उरलेल्या दोन जागी कुंद्यावर फिकट पट्टे आहेत, सभोवतालच्या हातघासाने गडद झालेल्या लाकडापेक्षा उजळ, आणि एका पट्ट्याच्या काठाला दाबाची बारीक खोल रेघ आहे. दोन बंद कधीतरी निघाले. रुप्याचे होते म्हणूनच ते निघाले असावेत, असा तर्क आहे. पुरावा फक्त ते तिथे होते एवढ्याचा आहे, आणि नोंदीत मी तेवढेच लिहिणार.

शेवटी चीर. चापाच्या मागे कुंदा बारीक होतो तिथे तिरपी भेग आहे, जुन्या मेणाने भरलेली. भिंगातून तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर छिद्रांच्या जोड्या दिसल्या, आणि त्या छिद्रांच्या कडांना लाकूड हिरवट झालेले आहे. तार गेली, पण तांब्याचा कळंक लाकडात मुरून राहिला. हे पाहिल्यावर मी काकांना हाक मारली आणि भिंग त्यांच्या हातात दिले. यादीतील ओळ त्यांना पाठ झालीच होती. त्यांनी ती मोठ्याने म्हणून दाखवली.

लांबीचे मात्र मी वजन कमी धरले आहे. नळी पंचेचाळीस इंचांच्या आसपास भरते आणि अठरा इंचांचा हात धरला तर अडीच हात बरोबर जुळतात, पण हात हे माप माणसागणिक बदलते. जुळते म्हणून नोंदवायचे, आधार म्हणून टेकायचे नाही.

१४ जुलै २०२४

पाऊस लागला आहे. ठाण्याच्या या हवेत लोखंड आणि कागद दोन्ही एकाच कपाटात ठेवणे चुकीचे आहे. तेलकट झालेली नळी आणि जुन्नरी कागद एकमेकांना लागून होते. यादी आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून वेगळ्या खोलीत, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवली. काकूंनी शस्त्रपूजेचा विषय काढला. दर दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू लागते, आणि पितळी बंदांच्या खाली त्याचा थर बसलेला आहे. फुले वाहावीत, पण हळदकुंकू पाटावर असावे, अशी विनंती केली. काकूंनी लगेच मान्य केली.

२७ जुलै २०२४

आज दुनळी आणि तिच्या निर्मात्याकडून आलेले पत्र. हा प्रकार थोडा समजावून लिहिणे आवश्यक आहे, कारण अशा पत्राबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

जुन्या इंग्रजी आणि अमेरिकी कारखान्यांनी प्रत्येक बंदुकीला क्रमांक दिला आणि ती कधी, कशा स्वरूपात, कुणाकडे पाठवली हे वहीत लिहिले. त्यातल्या काही वह्या टिकल्या. विंचेस्टरच्या अनेक जुन्या नोंदी अमेरिकेत वायोमिंगमधील कोडी गावच्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमधील बंदूक-संग्रहालयात आहेत. कोल्टच्या संग्रहातूनही शुल्क घेऊन अशी पत्रे दिली जातात. सर्व क्रमांकांच्या नोंदी सर्वत्र मिळत नाहीत. कोल्टच्या हार्टफर्डमधील कारखान्याला फेब्रुवारी १८६४ मध्ये मोठी आग लागली, आणि टोपीच्या काळातील त्यांच्या नोंदी सलग नाहीत. पुतण्याने फोनवर “तिकडे अशा पत्राला फार किंमत आहे” असे सांगितले, ते खरेच आहे. क्रमांक, नळीची लांबी, पॉलिश, पाठवण्याची तारीख आणि मिळवणाऱ्याचे नाव वहीत सापडले की त्या बंदुकीकडे पाहण्याची नजर बदलते.

परंतु पत्र देणाऱ्याने बंदूक पाहिलेली नसते. तो वही पाहतो आणि वहीत त्या क्रमांकापुढे काय आहे ते कळवतो. आपल्या हातातली बंदूक तीच आहे का, क्रमांक कुणी बदलला आहे का, नळी मूळची आहे का, याबद्दल तो काहीही म्हणत नाही आणि म्हणूही शकत नाही. पत्र अस्सल असूनही बंदूक नकली असू शकते. वहीतील क्रमांक शोधून, त्या क्रमांकाचा ठसा दुसऱ्या बंदुकीवर मारून, मग त्या क्रमांकाचे खरे पत्र मागवणे ही फसवणुकीची जुनी रीत आहे. पत्राचे मोल पूर्ण करण्याचे काम वस्तू समोर असलेल्याने करायचे असते.

काकांकडील पत्रात असे आहे : बारा बोअर, तीस इंची नळ्या, चोक केलेल्या (तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या), १८८४ मध्ये मुंबईतील विक्रेत्याकडे रवाना. मी नळ्या मोजल्या. साडेसत्तावीस इंच.

२८ जुलै २०२४

काल रात्री या अडीच इंचांचाच विचार करत होते. पहिली शक्यता म्हणजे क्रमांक वेगळ्या बंदुकीचा आहे. दुसरी, नळ्या बदललेल्या आहेत. तिसरी, त्या कापल्या आहेत. तिन्हींच्या खुणा वेगवेगळ्या असतात, म्हणून आज कारागिरांना पुन्हा बोलावले.

क्रमांक तीन ठिकाणी आहे : चापाच्या कमानीवर, नळ्यांच्या खालच्या लोखंडी गुठळीवर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर. तिन्ही एकाच घडणीचे अंक, पाचाच्या शेपटीला एकच तुटका काना. नळ्या बदललेल्या असत्या तर गुठळीवरचा अंक वेगळ्या ठशाचा दिसला असता.

नळ्यांच्या चपट्या भागावर बर्मिंगहॅम परीक्षणगृहाचे शिक्के आहेत. हे परीक्षणगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवायची आणि टिकली तर शिक्का मारायचा हे त्याचे काम. शिक्क्यांजवळ ‘नॉट फॉर बॉल’ ही अक्षरे आहेत. चोक असलेल्या नळीतून पूर्ण मापाची गोळी उडवू नये म्हणून १८७५ पासून १८८७ पर्यंत ती मारत असत. १८८४ च्या पत्राशी हे तंतोतंत जुळते, आणि शिक्का म्हणतो की नळीला चोक आहे. कारागिरांनी तोंडाशी माप घातले. चोक नाही, नळी शेवटपर्यंत सारख्याच व्यासाची. तोंडाकडून पाहिले तर दोन नळ्यांच्या मध्ये शिशाच्या डाकाने भरलेली बारीक त्रिकोणी फट आहे. मूळ तोंडाशी अशा नळ्या एकमेकींना टेकलेल्या असतात. चोक फक्त नळीच्या शेवटच्या काही इंचांत असतो; तोंडाकडचा तुकडा कापला की तोही जातो आणि फट उघडी पडते. तोंड फुटल्यामुळे किंवा चेपल्यामुळे कुणीतरी अडीच इंच कापून टाकले.

बाजाराच्या हिशोबात यामुळे दुनळीची किंमत उतरली. पत्र नसते तर साडेसत्तावीस इंच हीच मूळ लांबी म्हणून खपून गेली असती. मी तरीही म्हणेन की या पत्राने या बंदुकीवर उपकार केले आहेत, कारण आता ती कुठून आली, कशी होती आणि नंतर तिचे काय झाले, हे तिन्ही आपल्याला सांगता येते. कागद आणि लोखंड यांच्यातील विसंगतीच इथे जास्त बोलली.

ब्रिटिश काळातील परवान्यांनी आणखी एक दुवा दिला. १९२० नंतरच्या एका परवान्यात ‘डी.बी.बी.एल.’ (डबल बॅरल ब्रीच लोडिंग, म्हणजे मागून भरायची दुनळी) या अक्षरांपुढे दुनळीचा तोच क्रमांक हाताने लिहिलेला आहे. हाही कागद कुणाला पटवून देण्यासाठी लिहिलेला नव्हता. कारकुनाला रकाना भरायचा होता, एवढेच.

११ ऑगस्ट २०२४

पिस्तुलाची तपासणी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. त्याचा दाखला काकांच्या वडिलांनी चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला होता आणि काका लहानपणापासून तो वाचत आलेले आहेत. छापील, सोनेरी किनारीचा. खाली सही, शिक्का आणि ‘पानिपतच्या तिसऱ्या युद्धात वापरलेले अस्सल पिस्तूल’ असे वाक्य. कुणी पाहिले, कशावरून ठरवले, कुठून मिळाले, यांतले एकही नाही. पिस्तुलाचे वर्णनसुद्धा नाही. हा दाखला कुठल्याही पिस्तुलासोबत देता आला असता.

पानिपतची लढाई जानेवारी १७६१ ची. या पिस्तुलाला टोपीचा चाप आहे. आघाताने पेटणाऱ्या दारूचे पहिले पेटंट स्कॉटिश पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ यांनी १८०७ मध्ये घेतले आणि तांब्याची टोपी त्यानंतर आली. चापाच्या पट्टीवर मुकुटाखाली ‘व्ही आर’ आहे, म्हणजे व्हिक्टोरिया राणी. ती गादीवर आली १८३७ मध्ये. इथपर्यंत एवढेच म्हणता येईल की पिस्तूल खरे आहे आणि दंतकथा चुकीची आहे. पण भिंग लावल्यावर ‘टॉवर’ (ब्रिटिश सरकारी शस्त्रागाराची खूण) ही अक्षरे गंजाच्या खड्ड्यांच्या वरून गेलेली दिसली. अक्षर कोरताना हत्यार खड्ड्यावरून गेले की रेघ तुटते आणि खड्ड्याचा तळ कोराच राहतो. इथे अनेक ठिकाणी तसेच आहे. म्हणजे आधी गंज आणि मग अक्षरे. नळीवर परीक्षणगृहाचा एकही शिक्का नाही. कारागिरांनी चुचीत बारीक तार घातली. ती थोडी आत जाऊन थांबली. चुचीपासून नळीपर्यंतचे छिद्र पाडलेलेच नाही. हे शोभेसाठी बनवलेले पिस्तूल आहे.

काकांना हे सांगणे जड गेले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “वडिलांनी ज्या विश्वासाने घेतले तो विश्वास खरा होता.” त्याबद्दल मलाही शंका नाही. दाखला मी कुटुंबाच्या कागदांत ठेवायला सांगितला आहे, पिस्तुलाच्या फाइलमध्ये नाही. तो वडिलांच्या आयुष्यातला कागद आहे, पिस्तुलाच्या नाही.

व्यवहाराची बाजू याहून गंभीर आहे. या दाखल्यावर विसंबून कुटुंब हे पिस्तूल पुराणवस्तू म्हणून सूट मिळालेले समजत होते. छिद्र पाडलेले असते, तर एका खोट्या कागदाच्या आधारावर घरात विनापरवाना हत्यार राहिले असते. वकीलबाई त्याचे वर्णन आणि छायाचित्रे जोडून पोलीस आयुक्तालयाकडे लेखी विचारणा करणार आहेत.

१ सप्टेंबर २०२४

आता माझे पत्र. काकांना सुरुवातीला एका पानाचे ‘प्रमाणपत्र’ हवे होते. मी तसे देणार नाही हे त्यांना पटले आहे, आणि पर्याय म्हणून काय द्यावे यावर बराच विचार केला.

आपल्याकडे महजराची पद्धत होती. वतनाचा वाद उभा राहिला की गावकरी आणि वतनदार एकत्र बसत, जबान्या होत, आणि शेवटी कागदावर साक्षी घालत. पाटलाच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी असे. महजराचे वजन निकालापेक्षा त्यात कोण हजर होते आणि कुणी काय सांगितले, हे लिहिलेले असण्यात होते. नंतर शंका घेणाऱ्याला तपासून पाहता येत असे. मला पत्र त्या जातीचे हवे आहे.

म्हणून प्रत्येक बंदुकीच्या पत्रात आधी वस्तूचे वर्णन असेल, मोजमापांसह, आणि त्यात दोष आवर्जून : बुजवलेली खाच, बंदांच्या रिकाम्या जागा, चिरेतील हिरवट छिद्रे, कापलेली तोंडे. प्रत्येक खुणेचे छायाचित्र मोजपट्टी शेजारी ठेवून. त्यानंतर जुन्या कागदात काय आहे ते शब्दशः, मोडी यादीचे लिप्यंतर मूळ छायाचित्राच्या समोर. त्यापुढे काय जुळते आणि काय जुळत नाही. माझे मत सर्वांत शेवटी, ‘मत’ याच शीर्षकाखाली, कारणांसह. आणि माझ्या सहीसोबत तपासणीला हजर असलेल्या कारागिरांची सही. ठासणीच्या बंदुकीबद्दल मी ‘हीच यादीतील बंदूक आहे असे मानण्यास भक्कम आधार आहे’ असे लिहिणार आहे. ‘निःसंशय’ हा शब्द वापरणार नाही, कारण १८११ ते बासन उघडेपर्यंत सलग नोंद नाही.

किमतीचा आकडा कुठल्याच पत्रात नसेल. पुतण्याने तो मागितला होता. मी त्यांना लिहिले की आकडा वर्ष-दोन वर्षांत शिळा होतो आणि त्याच्यासाठीच मग बाकीचे वर्णन वाकवले जाते.

२९ सप्टेंबर २०२४

दोन्ही बंदुकांची पत्रे दसऱ्याआधी पूर्ण झाली. आम्लरहित कागदावर छापून प्रत्येक पानावर सह्या घेतल्या. छायाचित्रे वेगळी चिकटवण्याऐवजी पानातच छापली, म्हणजे एखादे सुटून दुसऱ्या पत्राला लागणार नाही. पत्राच्या मथळ्यातच बंदुकीची एक ओळखखूण आहे, दुनळीला तिचा क्रमांक आणि ठासणीच्या बंदुकीला, जिला क्रमांक नाही, चिरेच्या छिद्रांची आकृती. कुणी पत्र उचलून दुसऱ्या बंदुकीशेजारी ठेवले तर पहिल्याच ओळीत ते फसेल.

एक प्रत काकांकडे, एक वकीलबाईंकडे, एक पुतण्याकडे आणि एक माझ्या दफ्तरात. मूळ मोडी यादी घरातच राहील. तिचे उच्च दर्जाचे छायाचित्र पुण्यातील एका अभ्यासकांना पाठवले असून त्यांनी माझ्या लिप्यंतरात ‘खळे’ शब्दाजवळचे एक अक्षर सुधारले. बंदुकीच्या ओळीत त्यांना काही बदल सुचवावासा वाटला नाही.

पिस्तुलाच्या पत्राचा मसुदा तयार आहे. त्यात ते शोभेचे आहे, नळीपर्यंत छिद्र नाही आणि चापावरील अक्षरे गंजानंतर कोरलेली आहेत, एवढे तीन परिच्छेदांत लिहिले आहे. आयुक्तालयाचे उत्तर आल्यावर त्याचा संदर्भ घालून सही करायची आहे.